माळ्यावरचा जुना सीपीयू खाली काढा, मे महिन्यात शर्यतीत पळवायचाय

नमस्कार मंडळी, बेळगावच्या वडगावातल्या आपल्या वाचनालयाच्या कॉम्प्युटर गटाकडून लिहायलोय. शिवजयंतीच्या वर्गणीची पावती अजून खिशात असेल आणि आता हे परत काय नवीन काढलंय म्हणशीला, म्हणून आधीच सांगतो, आम्हाला पैसे थोडे लागणार आहेत पण त्यापेक्षा जास्त गरज आहे ती तुमच्या माळ्यावर, कॉटखाली नाहीतर दुकानाच्या मागच्या खोलीत चादरीत गुंडाळून ठेवलेल्या जुन्या सीपीयूची.

भानगड काय आहे ते सांगतो. जगात काही शास्त्रज्ञांकडे हिशोब एवढे मोठे असतात की एका संस्थेतल्या कॉम्प्युटरला ते उरकत नाहीत, मग ते हिशोबाचे बारीक तुकडे करतात आणि इंटरनेटवरून तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरच्या मशीनला एकेक तुकडा देतात, मशीन रिकामं असेल तेव्हा तो सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. १९९९ ला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने सेटी ॲट होम सुरू केलं, परग्रहावरून कोणी रेडिओ सिग्नल पाठवतंय का ते शोधायला, आणि माझ्या वयाच्या लोकांना त्याचा तो रंगीत शिखरांचा स्क्रीनसेव्हर आठवत असेल. २०२० च्या मार्चअखेरीस त्यांनी नवीन काम वाटणं बंद केलं, परग्रहवासी काय सापडला नाही. पण त्यातूनच बॉईंक नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं आणि आता त्यावर बरेच प्रकल्प चालतात, प्रोटीनचे, हवामानाचे, ताऱ्यांचे, मूळ संख्यांचे. त्यातलं प्रोटीनचं रोझेटा ॲट होम ज्यांच्या लॅबमधून चालतं त्या डेव्हिड बेकरना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, म्हणजे हे काय टाईमपास प्रकरण नाही.

पोरांना मी नेहमी २०१० चा किस्सा सांगतो. आइनस्टाइन ॲट होम या प्रकल्पात पोर्तो रिकोच्या अरेसिबो दुर्बिणीचा डेटा लोकांच्या मशीनना वाटला होता, त्यात एक नवा पल्सर (गाडी नव्हे, गरगर फिरत ठराविक वेळाने रेडिओ झोत टाकणारा मेलेला तारा) सापडला आणि तो कोणाच्या मशीनवर, तर आयोवातल्या एका जोडप्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर आणि जर्मनीत माइंझ विद्यापीठातल्या संगीताशी संबंधित विभागातल्या एका कॉम्प्युटरवर. दोन कसे, तर एकच तुकडा मुद्दाम दोघांना देतात, दोन्ही उत्तरं जुळली तरच खरी धरतात. देवळाची दानपेटी मोजायला दोघं बसतात तसंच की.

आता स्पर्धा. यात केलेल्या कामाचे पॉइंट मिळतात, टीम करता येते, आणि टीमांच्या एकमेकांत शर्यती लागतात. सगळ्यात गाजलेली म्हणजे बॉईंक पेंटॅथलॉन, जर्मनीतली सेटी जर्मनी टीम २०१० पासून भरवते, ५ मे ला सुरू होते आणि चौदा दिवस चालते. मॅरेथॉन म्हणजे पूर्ण चौदा दिवस एकाच प्रकल्पावर, स्प्रिंट तीनच दिवस, सिटी रन पाच दिवस असे प्रकार. कुठल्या प्रकल्पावर पळायचं ते थोडेच दिवस आधी कळतं. जागतिक घड्याळात (यूटीसी) रात्री बाराला सुरू होतं म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाच, त्यामुळे गेल्या वर्षी आमची पोरं आयुष्यात पहिल्यांदा सूर्य उगवायच्या आत उठली, आयांना तेवढंच समाधान. बक्षीस रोख वगैरे काही नाही.

यात एक गमतीचा डाव असतो. काम आधीच पूर्ण करून ठेवायचं पण पाठवायचं नाही, शर्यत सुरू झाली की एकदम सगळं सोडायचं, म्हणजे बाकीच्या टीमांना कळतच नाही तुमच्याकडे किती साठा आहे. इंग्रजीत त्याला बंकर भरणं म्हणतात, आमच्यातला निपाणीकडचा एक पोरगा त्याला वखार भरणं म्हणतो, भाव यायची वाट बघत तंबाखू दाबून ठेवतात तसं. नियमात बसतं, पण मला फारसं आवडत नाही, कारण गेल्या वर्षी याच हावरटपणात आमची फजिती झाली.

झालं असं की पोरांनी एकदम भरपूर तुकडे उतरवून घेतले, सात मशीन, सगळी शंभर टक्क्यावर, आणि मे महिना म्हणजे आपल्याकडे वळीव. चौथ्या दिवशी संध्याकाळी असा काय वळीव आला की रात्रभर लाईट नाही, दुसऱ्या दिवशी आली ती दुपारी, तीही डिम. मधेमधे काम सेव्ह होत असतं म्हणून सगळंच वाया गेलं नाही, पण प्रत्येक तुकड्याला परत द्यायची मुदत असते, आमचे ४१ तुकडे मुदतीत गेलेच नाहीत. म्हणजे ते तुकडे परत दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागले आणि ज्याचं उत्तर आमच्याशी जुळवायचं होतं तो बिचारा पॉइंटसाठी ताटकळत बसला. उसनवारी करून परत न देण्यासारखं झालं ते. यावर्षी नियम केलाय, एका दिवसात होईल तेवढंच काम घ्यायचं.

दुसरा नियम आमचाच आहे आणि खरं सांगायचं तर हे आवाहन त्याच्यासाठीच आहे. जगाच्या शर्यतीत आपण शेवटून मोजायचे, तिकडे लोकांकडे एकेका घरात चार चार ग्राफिक कार्डं असतात. मग आम्ही, निपाणीची पोरं आणि खानापूरची पोरं अशी तिघांनी आपसात वेगळी मोजणी ठरवलीय. तेच चौदा दिवस, तिघांनी एकच प्रकल्प, पण आलेल्या पॉइंटला जळलेल्या विजेच्या युनिटने भागायचं. ज्याच्या बापाने महाग मशीन घेऊन दिलंय तो जिंकणार नाही, ज्याने मशीन साफ ठेवलं, नको ते कार्ड काढलं, फॅन बदलला तो जिंकणार. त्यासाठी एका लूमवाल्या काकांनी सब-मीटर दिलाय, वर विचारलं की तुमचं मशीन रात्रभर चालून कापड किती पडतं. आता त्यांना पल्सर दाखवायचाय. (टीमच्या नावावरून जो वाद झाला तो लिहीत नाही, कन्नड-मराठी दोन्ही पोरं आहेत आणि नावावरून वाद हा आपल्या गावाला काय नवीन नाही, शेवटी नावाच्या जागी नुसते तीन आकडे ठेवलेत.)

परवा एका झेरॉक्सवाल्या दादांनी पहिलं मशीन दिलं, ते सगळ्यांसमोर उघडलं. आत धूळ म्हणजे अक्षरशः नमदा झाला होता, प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांतून बोट जाईना, पॉवर सप्लायमध्ये एक झुरळ कधीचं वाळून गेलेलं, आणि प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट खडूसारखी पांढरी पडून भुगा होत होती. ब्लोअर मारला, स्पिरिटने पुसलं, तांदळाच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट लावली. आधी ९० डिग्रीच्या वर जाऊन आपोआप बंद पडणारं मशीन आता ६० वर तासन्तास चालायलंय. सातवीतली एक पोरगी स्क्रू ड्रायव्हर सोडायलाच तयार नव्हती.

तर काय पाहिजे. कोअर आय थ्री, आय फाईव्ह किंवा त्यानंतरचे सीपीयू, बंद असले तरी चालतील. पेंटियम फोर कृपया नको, भावना समजते, पण ते लाईट खातं आणि काम करत नाही, आमच्या मोजणीत तर बुडालोच. जुने अँड्रॉइड फोन, स्क्रीन फुटलेले असले तरी चालू असतील तर आणा, कमी वॅटमध्ये चांगलं काम करतात, फक्त बॅटरी फुगलेली असेल तर अजिबात आणू नका. देण्याआधी तुमचे फोटो, कागद काढून घ्या, नसेल जमत तर हार्ड डिस्क तुमच्यासमोर काढून तुमच्याच हातात देतो. आणि पोरांनो, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर परवानगीशिवाय गुपचूप हे चालवायचं नाही, त्याचे पॉइंट आम्ही धरणार नाही.

पैशाचं पण सांगतो, लपवायचं काही नाही. दहा मशीन, प्रत्येकी साधारण १०० वॅट, चोवीस तास, चौदा दिवस म्हणजे ३३६ युनिट. आठ रुपये धरले तर २७०० च्या आसपास. पेस्ट, चार फॅन आणि दोन पॉवर सप्लायला ३५००, एमसीबीसकट चांगले एक्स्टेंशन बोर्ड १८००, नेटला १०००. एकूण ९००० रुपये. पन्नास रुपये दिलासा तरी पावती मिळणार, खर्चाचा कागद बोर्डावर लावणार, उरले तर मुलांच्या पुस्तकांना. वायरमन काम करणारं कोणी असेल तर एक दिवस येऊन अर्थिंग बघून द्या, ते आम्हाला हजार रुपयांपेक्षा मोलाचं आहे.

एका मामांनी विचारलं हे बिटकॉइन तर नाही ना, पोरं पैसे कमवायलेत आणि बिल आम्ही भरायचं. नाही मामा, यातून एक पैसा येत नाही, पॉइंट कुठल्या दुकानात चालत नाहीत. शर्यत संपली की मशीनही शाळेतल्या पोरांना टायपिंग आणि अभ्यासाला वाचनालयातच राहणार.

२५ एप्रिलपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते आठ वाचनालयात कोणी ना कोणी आहे. शहापूर, अनगोळ, येळ्ळूरकडच्या लोकांनी नुसता निरोप द्या, पोरं गाडीवरून येऊन घेऊन जातील. कीबोर्ड आणि माऊस मात्र आता बास, एक पोतं भरून आलेत आणि त्यातले निम्मे गोल पिनचे आहेत.