मढच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

बाबांच्या होडीचं मशीन आता फुल रेसवर चालतं आणि तापत नाही, एवढं फोनवर सांगितलं होतं. पुढचं सांगताना गळा भरून आला म्हणून फोन ठेवला. ते आज लिहितेय, आणि आपल्या लोकांनीही वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, म्हणून त्याआधीच बाबांनी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन, सर्व्हिसिंगला दिलं होतं. ज्यांच्याकडे दिलं त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी मशीन स्टँडवर लावलं आणि खाली पाण्याचं पिंप न ठेवता कोरडंच सुरू करून दाखवलं. या मशीनचा पंप बाहेरचं पाणी ओढून इंजिन गार ठेवतो आणि त्यातला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं रबरी चाक, पाण्याशिवाय बघता बघता करपतो. बाबा ओरडले, "बंद कर!" तो पोरगा हसला. पहिल्याच खेपेला मशीन तापलं, इम्पेलर फाटलेला निघाला, आणि नव्याचे पैसे आमच्याकडूनच घेतले.

तरी ते तापतच राहिलं. बंदरात हळू चालवलं की मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची धार चांगली पडायची. वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी रेस वाढवली की अलार्म कोकलायला लागायचा. बंद करावं तर सुकतीचं पाणी होडीला बाहेर ओढणार, चालू ठेवावं तर पिस्टन जाम होणार. बाबा आणि भाऊ वल्ही मारत परत यायचे आणि आई बंदरावर उभी असायची. ज्यांच्या घरातलं माणूस दर्यावर जातं त्यांना तिचा चेहरा कसा असेल हे सांगायला नको.

दुसरीकडे नेलं. तिथे म्हणाले, नवं मशीन घ्या. वर चारचौघांत बाबांना ऐकवलं, "वय झालं तुमचं, पेट्रोलमध्ये ऑइल नीट मिसळत नसाल." ज्या माणसाने उभा जन्म मशीनच्या आवाजावर काढला, त्याला! बाबा एकच सांगत होते, "पाणी वर कुठेतरी अडतंय." कोणी ऐकून घेतलं नाही. नंतर बाबांनी बोलणंच सोडलं. बंदरावर जायचे, जाळं शिवायचे, मान वर करायचे नाहीत. मशीन बिघडल्यापेक्षा आम्हाला त्याची जास्त काळजी वाटत होती.

मग तुम्ही फेरीबोटीतून हत्यारांची पिशवी घेऊन उतरलात. बाबांनी जुना इम्पेलर डब्यात जपून ठेवला होता. तो हातात घेऊन तुम्ही पात्या मोजल्यात. सहातल्या दोन मुळापासून गेलेल्या. तुम्ही विचारलंत, "हे तुटलेलं रबर गेलं कुठे?" काका, इतक्या लोकांनी मशीन हाताळलं, हा साधा प्रश्न कोणाला पडला नाही. नवा इम्पेलर पाणी ढकलत होता आणि पुढे वाटेत जुन्याचे तुकडे बसले होते. हळू चालताना भागायचं, रेसला पाणी कमी पडायचं. तुम्ही काय काय खोललंत ते मी लिहीत बसत नाही. इंजिन तापेल तसं पाणी सोडणारा जो थर्मोस्टॅट, त्याच्या खालून मिठाचे पांढरे खडे निघाले आणि त्यांच्यासोबत काळं रबर.

ते तुकडे तुम्ही खिशात टाकून निघून जाऊ शकला असतात. तसं केलं नाहीत. फळीवर जुना इम्पेलर ठेवलात, एकेक तुकडा त्याच्या जागी लावून पाहिलात, आणि मग बंदरावर जाळी झटकणाऱ्या सगळ्यांना हाक मारलीत. "या इकडे, बघा. नाखव्याने आधीच ओळखलं होतं. पाणीच अडलं होतं. चालवणाऱ्याची काही चूक नाही." मुद्दाम मोठ्याने बोललात, ते मला कळलं. ज्यांच्यासमोर बाबांना बोल लागला होता त्यातलेच दोघे-तिघे तिथे उभे होते. बाबांनी ते तुकडे उचलून पुन्हा डब्यात ठेवले आणि तुम्हाला म्हणाले, "चहा घेऊनच जायचं." कित्येक दिवसांनी त्यांनी आपणहून कोणाशी तरी असं बोलणं काढलं होतं.

हातात कसब असलेले लोक मुंबईत पुष्कळ आहेत. पण समोरच्या गरीब माणसाची अब्रू आपल्याही हातात आहे, हे समजणारे किती? आपल्याकडे कोणाची होडी बंद पडली तर दोर टाकताना कोणी विचारत नाही ती कोणाची. तुम्ही बाबांना तसाच दोर टाकलात. यंत्र दुरुस्त करताना माणसाला खाली बघायला लावायचं नाही, एवढं भान त्या दोन्ही ठिकाणी कोणाला असतं तर आमचा निम्मा हंगाम रडण्यात गेला नसता. हे मी रागाने लिहितेय, आणि राग अजून गेलेला नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे होडी आली की भाऊ मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात लावून थोडा वेळ चालवतो. धार पडते का ते बाबा स्वतः उभं राहून बघतात.

थर्मोस्टॅटचे तेवढे पैसे तुम्ही घेतलेत आणि मजुरी "नंतर बघू" म्हणालात. ती आईने वेगळी काढून ठेवली आहे, आणि ती तुम्हाला पूर्ण घ्यावी लागेल. काकूंना घेऊन रविवारी या. मात्र फोन करून या, म्हणजे बाबा पापलेट बाजारात जाऊ देणार नाहीत.

तुमची,
नाखव्याची मुलगी, वेसावे