आई-वडिलांचा पासपोर्ट वेळेआधी बदलून द्या : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराचा करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. मुलांना इकडे जर्मनीत यायला वाट मोकळी झाली, पण त्यांना भेटायला येणारे आई-वडील अजून कागदपत्रांतच अडकतात. यातल्या काही गाठी आपल्याच मंत्रालयाला सोडवता येतील, म्हणून हे पत्र.

सगळ्यात जास्त दमवते ते हमीपत्र. पाहुण्यांचा सगळा खर्च, अगदी दवाखान्याचासुद्धा, मी भरीन असे यजमानाने परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात स्वतः जाऊन लिहून द्यायचे. इथली मराठी मंडळी त्याला नुसते ‘फेरफ्लिश्टुंग’ म्हणतात. फी २९ युरो. सोबत पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, भाडेकरार आणि साधारणपणे शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप. हातात येणारा पगार कर्जवसुलीतही कायद्याने जप्त करता न येणाऱ्या रकमेपेक्षा पुरेसा जास्त असावा लागतो, आणि घरात अवलंबून असलेली माणसे वाढली की ही रेषाही वर सरकते. त्यामुळे एकट्या मुलाला ज्या पगारावर हमीपत्र मिळते, त्याच पगारावर बायको आणि दोन मुले असलेल्याला आई-वडील दोघांसाठी मिळेलच असे नाही. नोकरी प्रोबेशनवर असली तरी अडते.

अपॉइंटमेंट कुठे आठवडाभरात मिळते, कुठे महिने जातात. मग मूळ कागद कुरियरने भारतात पाठवायचा आणि सहा महिन्यांच्या आत व्हिसासाठी वापरायचा. तेवढ्यात मुंबई-पुण्याच्या व्हिसा केंद्रात तारीख मिळाली नाही, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. हमीपत्र सर्व शहरांत ऑनलाइन मिळावे, हा मुद्दा पुढच्या द्विपक्षीय बैठकीत आपण मांडावा.

मराठी घरांत नावाचा घोळ हमखास होतो. लग्नात आईचे नाव बदललेले असते. मुलाच्या जन्मदाखल्यावर एक नाव, आईच्या पासपोर्टवर दुसरे. नाते सिद्ध करायचे तेव्हाच हे उघडे पडते. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचे आईचे नाव तिच्या स्वतःच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे हमीपत्राच्या आधी पाहावे. जुळत नसेल तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडावे.

आता आपल्या हातातली गोष्ट. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचे, म्हणजे जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचे, नियम सैल केले. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा. पण त्यासाठी पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. आपल्याकडे नूतनीकरण होते ते मुदत संपायला एक वर्ष उरल्यावर. म्हणजे ज्या वडिलांच्या पासपोर्टची दोन-अडीच वर्षे उरली आहेत, त्यांचा पाच वर्षांच्या व्हिसाचा हक्क नुसत्या पासपोर्टपायी जातो. साठीपुढच्या अर्जदारांना तीन वर्षे आधी पासपोर्ट बदलून द्यावा. याला परदेशाची संमती लागत नाही, पैसाही लागत नाही.

आणखी एक चूक फार होते. या व्हिसावर राहता येणारे ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून मोजायचे असते. १ मे रोजी आलेल्याने २९ जुलैपर्यंत निघायला हवे. ३१ जुलैचे तिकीट काढले तर ९२ दिवस होतात. सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंदणी सुरू झाली, त्यामुळे शिक्क्यांचा हिशेब बघून कुणी सोडून देईल ही आशा नको.

किमान ३० हजार युरोंचा विमा सक्तीचा आहे, पण भारतात घेतलेल्या बहुतेक पॉलिसींत आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाचा खर्च वगळलेला किंवा अगदी तुटपुंजा असतो. तो मजकूर बारीक अक्षरांत असतो आणि दवाखान्याचे बिल हातात पडेपर्यंत कुणी वाचत नाही.

सामानाचे नियमही आधी कुणी सांगत नाही. तूप, खवा, पनीर युरोपात आणायला बंदी. हापूस आणि कढीपत्ता वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळ, केळी, अननस आणि खजूर मात्र चालतात. नातवासाठी निवडून निवडून भरलेली आंब्यांची पेटी कस्टम्सच्या टेबलावर सोडून यावी लागते, तेव्हा आजी-आजोबांचा चेहरा पाहवत नाही.

दिवसांचा हिशेब, विम्याच्या अटी, नावाची जुळणी आणि सामान एवढ्या चार गोष्टी मराठीत छापलेले एक पान महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक पासपोर्ट कार्यालयात ठेवावे. मजकूर तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
जर्मनीत राहणारे काही मराठी भाषक