दारूने कविता लिहिल्या नाहीत

ठाणे (पश्चिम)

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन कवी एडगर ॲलन पो दारू प्यायला नसता तर त्याच्या काळोख्या कविता झाल्याच नसत्या, असे तू ठामपणे लिहिले आहेस. वहिनी गेल्यापासून तू रोज रात्री पिऊन लिहायला बसतोस, हेही त्याच पत्रात आहे. म्हणून इथल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात बसून पोचे चरित्र पुन्हा वाचले आणि मगच उत्तर लिहीत आहे.

जानेवारी १८४२ मध्ये गाता गाता त्याच्या पत्नीच्या, व्हर्जिनियाच्या, तोंडातून रक्त आले. पुढची पाच वर्षे ती क्षयाने झिजत राहिली. जरा सावरायची, याला आशा वाटायची, की पुन्हा खालावायची. शत्रू माझ्या वेडाचे खापर दारूवर फोडतात, पण वेडामुळे मी पीत होतो हे पाहत नाहीत, अशा अर्थाचे त्याने १८४८ च्या एका पत्रात लिहिले आहे. न्यूयॉर्कजवळच्या फोर्डम गावातल्या त्यांच्या घरात, थंडीत, ती गवताच्या गादीवर नवऱ्याचा ओव्हरकोट पांघरून पडलेली असे आणि ऊब मिळावी म्हणून छातीशी मांजर धरलेले असे, हे भेटायला आलेल्या बाईंनी लिहून ठेवले आहे. ‘ॲनाबेल ली’ या त्याच्या कवितेत ढगातून येणारा गार वारा प्रेयसीचा जीव घेतो, तो वारा मला याच खोलीतला वाटतो.

‘द रेव्हन’ ही त्याची कविता मात्र जानेवारी १८४५ मध्ये छापून आली, म्हणजे व्हर्जिनिया जिवंत असताना. तिच्यातला गेलेल्या प्रेयसीचा शोक पोने आधीच भोगला होता, असे मला वाटते. आता कवितेची बांधणी पाहा: १८ कडवी, १०८ ओळी, ओळीच्या पोटातही यमक, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तोच नाद. गणिताचा प्रश्न सोडवावा तशी ती रचली, हा त्याचा १८४६ चा दावा मी अक्षरशः मानत नाही, पण थरथरत्या हाताला ही वीण साधणार नाही, एवढे तुझ्यासारख्या वृत्तात लिहिणाऱ्याला सांगायला नको. दारूने त्याच्या नोकऱ्या घालवल्या, माणसे तोडली. ऑगस्ट १८४९ मध्ये त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली आणि ऑक्टोबरात, अवघ्या चाळिशीत, तो गेला.

वहिनींवरच्या तुझ्या कवितेची पहिली दोन कडवी अस्सल आहेत, तिसऱ्यात वृत्त सुटले आहे. ते सकाळी, न पिता, पुन्हा लिही आणि रविवारी वही घेऊन ठाण्याला ये. डॉक्टरांना भेटायची तयारी असेल तर मी बरोबर येईन.

तुझाच,
मित्र