जुन्या खरेदीखतातील अट इंडेक्स-टूवर दिसावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिळकत पत्रिका आणि इंडेक्स-टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा) पाहिले की जागेची चौकशी पूर्ण झाली, असे बहुतेकजण धरून चालतात. मीही तसेच धरले होते. आमच्या जागेवर घराचा पाया खणून झाल्यावर मागच्या बंगल्यातील आजोबा त्याच जागेचे 1968 सालचे नोंदणीकृत खरेदीखत घेऊन आले. घडीवर विरलेल्या तिसऱ्या पानावर टंकलिखित ओळ होती : 'मागील हद्दीलगतची दहा फूट जागा खरेदी घेणार व त्यांचे वालीवारस यांनी कायम मोकळी ठेवावी.' मूळ मालकाने पुढचा तुकडा विकताना, स्वतःकडे ठेवलेल्या मागच्या घराचा उजेड-वारा अडू नये म्हणून ती घातली होती. आम्ही पाया पुढे सरकवला, आणि तेच योग्य होते.

अशा बंधनाला वकील मंडळी कव्हेनंट म्हणतात. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधील बाग मोकळी ठेवण्याची अट, ती ठाऊक असूनही बाग विकत घेणाऱ्यावर बंधनकारक आहे, असा निकाल 1848 साली लागला आणि हा विचार रुजला. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 11 नुसार पूर्ण मालकी दिल्यावर वापराबाबतची अट एरवी निष्प्रभ ठरते. मात्र विकणाऱ्याच्या लगतच्या मिळकतीच्या हितासाठी घातलेली अट टिकते, आणि कलम 40 नुसार ती माहीत असताना जागा घेणाऱ्याविरुद्ध किंवा मोबदल्याशिवाय जागा मिळालेल्याविरुद्ध बजावता येते. शिवाय नोंदणीकृत दस्तातील मजकूर घेणाऱ्याला माहीत आहे असेच कायदा मानतो, त्यामुळे 'आम्ही वाचले नव्हते' हे म्हणणे टिकत नाही. (उलट 'ही जागा कधीच विकू नये' अशी सरसकट बंदी कलम 10 प्रमाणे मुळातच रद्दबातल असते, जुन्या दस्तांत तीही आढळते.)

इंडेक्स-टूवर पक्षकार, क्षेत्र, मोबदला दिसतो. अशी अट दिसत नाही. ती कळण्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातून जुन्या दस्तांच्या नकला काढून त्या शेवटच्या पानापर्यंत वाचाव्या लागतात, आणि मालकीहक्काचा शोध अहवाल मागवतानाही हे काम वकिलांना स्पष्ट सांगावे लागते. नोंदणीपूर्वी पक्षकार संगणकावर माहिती भरतातच. त्यात 'वापरावरील बंधने' असा एक रकाना देऊन तो इंडेक्स-टूवर छापावा, अशी नोंदणी विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा