चौथ्या सीटवरची शेजारीण

महोदय,

लोकलमधील भांडणांच्या बातम्या नेहमीच छापून येतात आणि त्या खोट्याही नसतात. मात्र त्याच डब्यात जे बरे घडते त्याची नोंद क्वचितच होते, म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कामासाठी एका कार्यालयात दिवसभर ताटकळून, शेवटी ‘साहेब रजेवर आहेत’ एवढेच ऐकून मी सायंकाळी कल्याणची गाडी पकडली. महिलांच्या डब्यात एका अनोळखी काकूंनी सरकून तिघींच्या बाकावर मला चौथी सीट दिली, चेहरा का उतरला आहे म्हणून विचारले आणि माझे गाऱ्हाणे ऐकून घेतल्यावर मेथीची अर्धी जुडी माझ्या हातात देत म्हणाल्या, “ही निवडा, तेवढाच राग उतरेल.” ठाणे येईपर्यंत भाजी निवडून झाली होती आणि आम्ही दोघी चक्क हसत होतो. काम अजून अडलेलेच आहे, ही गोष्ट वेगळी.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात शिकागोच्या उपनगरी गाड्यांतील काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितले होते. गप्प बसूनच प्रवास सुखाचा होईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक आनंदात गेला. आमच्या डब्यात हा प्रयोग कितीतरी आधीपासून चालू आहे, हे त्यांना कोणी कळवले नसावे.

– एक वाचक, डोंबिवली