मंजूला पत्र: भाजी आणि फुलं एकाच वाफ्यात

प्रिय मंजू,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज ऐकला आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! घर झालं, वर पुढे-मागे मातीची जागाही निघाली, तेही नाशिकसारख्या हवेत. फोनवर बोलायला बसलो की आपण भलतीकडेच जातो म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय, निवांत वाच आणि भावोजींनाही वाचून दाखव, कारण खणायचं काम त्यांच्याच गळ्यात पडणार आहे.

आधी तुझा प्लॅनच बदलायला सांगणारेय. पुढे गुलाब, हिरवळ आणि मागच्या दाराला भाजी असं म्हणालीस ना, तशी फाळणी करू नकोस गं. फुलं नसतील तर मधमाश्या कशाला येतील, आणि त्या आल्या नाहीत तर भोपळा, काकडी, कारलं, दोडका यातलं काही धरत नाही, कारण या वेलांना नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. लोक म्हणतात वेल नुसताच माजलाय, फुलं येतात आणि पिवळी पडून गळतात, औषध सांगा. औषध कसलं, परागीकरणच झालेलं नसतं बऱ्याचदा. म्हणून वेलांच्या मांडवापाशी तुळस, झेंडू, सदाफुली असं काहीबाही फुलत राहू दे, आणि थोडी कोथिंबीर न उपटता फुलावर येऊ दे. तिच्या त्या बारीक पांढऱ्या फुलांवर लेडीबर्ड किडे येतात आणि त्यांची पिल्लं मावा, म्हणजे कोवळ्या पानांचा रस शोषणारी बारीक कीड, खाऊन फस्त करतात.

भोपळ्याचं तर हातानेही करता येतं, आणि मला बागेतलं हे सगळ्यात आवडतं काम. सकाळी सातच्या आत जायचं, कारण भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं. मादी फुलाच्या खाली लिंबाएवढा छोटा भोपळा आधीच दिसतो, नर फूल नुसत्या लांब देठावर असतं. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, आत पिवळ्या पिठाने भरलेली दांडी राहते, ती मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायची. बोटाला पिवळं लागतं. चार-पाच दिवसांत खालचा भोपळा फुगायला लागला की समजायचं जमलं. आणि उरलेल्या नर फुलांची डाळीच्या पिठातली भजी कर, सोड्याची गरज नाही.

प्रत्येकाची वेळ वेगळी असते हे मात्र लक्षात ठेव. घोसाळ्याचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच्याच जातभाई दोडक्याचं संध्याकाळी, दुधीची आणि पडवळाची पांढरी फुलं तर तिन्हीसांजेनंतर, त्यांच्याकडे रात्री पतंग येतात. म्हणून मी मांडवाच्या कडेला गुलबक्षी लावते, तीही चारनंतर उमलते. ऑफिसातून आल्यावर तुला बाग फुललेली बघायची असेल तर दोडका, गुलबक्षी आणि सोनटक्का हे त्रिकूट एका बाजूला लावच, सोनटक्क्याचा वास तर अंधार पडला की अख्ख्या अंगणात.

सोनटक्क्याला ओल लागते आणि भर ऊन नको. तुमच्या मागच्या नळापाशी जिथे सारखं पाणी सांडतं तिथे तो आणि अळू शेजारी शेजारी लाव, दोघांचा स्वभाव एकच. अळू काळ्या देठाचं, वडीचं घे, कंद कुणाकडूनही मिळतो. भाजीचं फिकट देठाचं वेगळं असतं ते जागा उरली तर लाव.

झेंडूबद्दल थोडं जास्त लिहिते. नुसता दसऱ्याच्या तोरणासाठी लावू नकोस, टोमॅटोच्या ओळीत लाव. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची शेतकऱ्यांना शिफारसच आहे, टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, आणि लावताना झेंडूचं रोप ४०-४५ दिवसांचं तर टोमॅटोचं २५ दिवसांचं. का, तर दोघं एकदम फुलावर यायला हवेत, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो. आपल्याकडे सोळा ओळी कुठल्या, पण हिशोब तोच, झेंडूचं बी टोमॅटोच्या आधी दोन-अडीच आठवडे टाकायचं. शिवाय झेंडूच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी, म्हणजे झाडांची मुळं खराब करणारे डोळ्यांना न दिसणारे जंत, कमी होतात, म्हणून सीझन संपल्यावर झाडं तिथेच बारीक करून मातीत गाडून टाक.

वांगी घरची हवीतच. काटेरी लाव, भरल्या वांग्यासाठी. एखादा शेंडा अचानक मान टाकलेला दिसला की पाणी कमी पडलं असं समजू नकोस, आत अळी असते, तो शेंडा खाली दोन बोटं सोडून काप आणि नष्ट कर, फवारत बसायची गरज पडत नाही. भेंडीला परभणी क्रांती घे, परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली, पानं पिवळी करणाऱ्या केवडा रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि हायब्रीड नसल्यामुळे बी घरचं धरता येतं. बी रात्रभर भिजवून टोक, दीड महिन्यात भेंडी चालू. मग दिवसाआड तोडायची, एक दिवस विसरलीस तर दोर होते. कारल्याला फळमाशीचा त्रास, म्हणून बोटाएवढं झालं की वर्तमानपत्राचा कागद सैलसर गुंडाळ.

आता माझं सगळ्यात लाडकं, वाल. आषाढात लावायचा आणि मग वाट बघायची. गावरान वाल किती का वाढेना, रात्र मोठी व्हायला लागल्याशिवाय फुलावर येतच नाही. सप्टेंबरमध्ये लोक कंटाळून वेल उपटतात आणि मला अगदी वाईट वाटतं, अजून महिना-दीड महिना थांबले असते तर जांभळ्या तुऱ्यांनी कुंपण भरलं असतं आणि थंडीत शेंगाच शेंगा. शेवंतीचंही हेच, तिलाही मोठी रात्र लागते, म्हणून तुमच्या गेटासमोर जो महापालिकेचा दिवा आहे म्हणालीस ना, त्याच्या उजेडात या दोघांपैकी कुणालाही लावू नकोस. रात्रभर उजेड पडला तर झाडाला रात्र झाली हे कळतच नाही, शेजारच्यांच्या शेवंतीला फुलं आणि तुझी नुसतीच हिरवीगार. दिव्याखाली कढीपत्ता लाव, जास्वंद लाव, त्यांना काही फरक पडत नाही.

वालाचं बी मात्र पाकिटातलं नको, कुणाकडून तरी मागूनच घे. राहीबाई पोपेरे माहितीयत ना, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, २०२० ला पद्मश्री मिळाली त्या, बीजमाता म्हणतात त्यांना. त्यांनी वाल-घेवड्याच्या कितीतरी गावरान जाती घरात सांभाळल्या आणि बायकांना बी देत गेल्या. शेंगांचे रंग, आकार, चव, सगळं वेगवेगळं. बाजारात एकाच तऱ्हेची शेंग मिळते गं, बाकीच्या कुणीतरी लावल्या तरच टिकणार, आणि तुझ्याकडे तर आख्खं तारेचं कुंपण मोकळं आहे.

तुझ्या सासूबाईंना देवाला रोज फुलं लागतात, त्यांच्यासाठी गोकर्ण, जास्वंद आणि अबोली पुरे. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण येतो, तो दिसला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढ, राहिलाच तर निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी. अबोलीचं एक कौतुक पिल्लूला दाखव. वाळलेला तुरा काढून त्यावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि थांबायचं, जरा वेळाने टप टप करत बोंडं फुटतात आणि बी हातभर लांब उडतं. आमच्याकडे जिथे जिथे बी उडालं तिथे अबोली उगवलीय, फरशीच्या फटीतसुद्धा. मोगरा एकच लाव पण उन्हात, संक्रांतीच्या सुमारास पाणी तोडून छाट आणि मग खत-पाणी दे, उन्हाळाभर गजऱ्याला बाहेर जावं लागणार नाही.

माती मात्र आत्ताच, मृगाच्या आधी करून घे. बांधकामाचा राडारोडा आणि मुरूम सगळा काढायला लाव, निदान फूटभर खोल, आणि चांगली माती, कुजलेलं शेणखत, पालापाचोळा भर. ताजं शेण नको, हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, होते. फळभाज्यांना सहा तास तरी ऊन हवं, पालेभाज्या तीन-चार तासांवरही येतात, म्हणून एखाद्या रविवारी सकाळपासून बघून ठेव ऊन कुठून कुठे सरकतं आणि तसा कागदावर नकाशा काढून मला फोटो पाठव. मांडव कुठे घालायचा ते नकाशा बघूनच सांगेन, नाहीतर सगळी सावली वांग्यांवर यायची.

वालाचं जांभळं आणि पांढरं दोन्ही बी, गुलबक्षी, अबोली आणि लाल अंबाडी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून नावं घालून ठेवलंय, सोमवारी कुरियर करते. अंबाडीची बोंडं झाली की चटणीची रेसिपी माग. सोनटक्क्याचा कंद काही कुरियरने जाणार नाही, तो ओल्या फडक्यात गुंडाळून जूनमध्ये येताना मीच आणते, तोवर नळापाशी खड्डा तयार ठेव.

तुझीच,
सुमी