छातीतल्या पाण्याची साखर तपासा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील आमच्या गावी माझ्या चुलतभावाला न्यूमोनिया झाला. ताप उतरेना म्हणून एक्स-रे काढला, छातीत पाणी असल्याचे कळले, आणि त्यानंतरचे अठरा दिवस अँटिबायोटिक बदलण्यात गेले. सुईने थोडे पाणी काढून तपासावे असे कोणी सुचवले नाही. आम्हीही आग्रह धरला नाही, कारण ‘एकदा पाणी काढले की ते पुन्हापुन्हा होते’ हा समज आमच्याही घरात होताच. बेळगावला नेले तोवर पाण्याचा पू झाला होता.

न्यूमोनियामुळे फुप्फुसाभोवती साठणारे पाणी सुरुवातीला पातळ असते. त्यात जंतू शिरले की फायब्रिन या चिकट प्रथिनाचे धागे धरून कप्पे पडतात आणि पुढे फुप्फुसावर जाड साल चढते. मग अनेकदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. भावाचे दैव बलवत्तर, म्हणून सोनोग्राफीत पाहून घातलेली बारीक नळी आणि तिच्यातून सोडलेले, हे धागे विरघळवणारे औषध यांवर भागले. अशा औषधांविषयीही भाबडेपणा नको. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज या अशाच औषधाचा एकट्याने उपयोग दिसला नव्हता. २०११ च्या चाचणीत मात्र फायब्रिन विरघळवणारे टीपीए आणि पुवाचा चिकटपणा कमी करणारे डीएनेज ही दोन्ही एकत्र दिल्यावर निचरा सुधारला व शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. यांतले कोणतेही एकटे दिले असता तसा लाभ झाला नाही. ही औषधे महाग आहेत आणि त्यांत रक्तस्रावाचा धोकाही असतो.

म्हणून माझे मागणे त्याआधीच्या, फारच स्वस्त पायरीविषयी आहे. काढलेल्या पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.२ किंवा त्याहून कमी असेल तर नळी घालावी, असा सर्वमान्य संकेत आहे. पीएच मोजण्याचे यंत्र तालुक्याला नसले, तरी त्या पाण्यातली साखर मोजता येते, आणि ती दर डेसिलिटरला ६० मिलिग्रॅमच्या खाली असणे हीदेखील तशीच धोक्याची खूण मानतात. रक्तातील साखर तपासणारी प्रयोगशाळा खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी येथे आहेच. साखर क्षयातही उतरते हे खरे. पण म्हणूनच तर ‘छातीत पाणी म्हणजे टीबी’ असे गृहीत धरून गोळ्या सुरू करण्याऐवजी त्याच नमुन्याची क्षयासाठीही तपासणी व्हायला हवी.

तेव्हा सीमाभागातील प्रत्येक तालुका रुग्णालयात, छातीत पाणी दिसल्यापासून चोवीस तासांच्या आत सोनोग्राफीच्या साहाय्याने नमुना काढण्याची सोय व्हावी, आणि पू निघाल्यास किंवा साखर अशी कमी भरल्यास रुग्णाला नळीसाठी त्याच दिवशी बेळगावला पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत पाण्याचा रंग, साखर आणि आधी दिलेल्या अँटिबायोटिकांची नावे लिहिलेली असावीत. आमच्या हाती होती ती फक्त एक्स-रेची पिशवी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव